दोन पेपर लावा, त्यातला एक फिरता ठेवा: नौपाड्यातल्या पेपर स्टॉलविषयी

ठाणे पश्चिमेला गावदेवी मैदानाकडून राम मारुती रोडकडे चालायला लागलं की फुटपाथवर एक पेपर स्टॉल लागतो. पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. वर निळी ताडपत्री, खाली लाकडी फळी, मागे लोखंडी जाळी आणि जाळीला चिमट्यांनी टांगलेले पेपर, एवढी खूण पुरेल. स्टॉल आणि घरोघरची लाइन एकाच कुटुंबाकडे आहे. वडिलांनी सुरू केलेलं काम आता मुलगा बघतो. मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला ताई, वयाने माझ्या मुलाच्या बरोबरीचे असले तरी. लाइन नौपाडा, चरई आणि पाचपाखाडीच्या अलीकडच्या भागात फिरते. साडेसहाच्या आत पेपर दारात असतो.

आता मुद्द्याचं. या स्टॉलची खासियत म्हणजे यांचा फिरता पेपर. तुमचा नेहमीचा पेपर रोज येतोच. त्यासोबत दुसरा एक पेपर लावायचा, आणि तो दर आठवड्याला बदलतो. एक आठवडा दुसरं मोठं मराठी दैनिक, पुढच्या आठवड्यात ठाण्यातच निघणारं एखादं दैनिक, मग इंग्रजी, मग हिंदी. ज्यांना वाचता येतं त्यांना गुजराती. कुठला पेपर कधी हे दादा महिन्याच्या सुरुवातीला बिलाच्या मागे पेनाने लिहून देतात. पैसे छापील किमतीप्रमाणे, वर घरटी महिन्याला तीस रुपये डिलिव्हरी. फिरत्या पेपरचे वेगळे काही घेत नाहीत, आणि त्यात त्यांची मेहनत किती आहे हे मी बघितलं आहे. पहाटे पाचला फुटपाथवर गठ्ठे उघडून पुरवण्या घालायच्या, प्रत्येक बिल्डिंगचा ढीग वेगळा करायचा आणि त्यातच कोणाकडे आज काय जायचं याची वही बघायची. लाइनवरच्या पोराने एक मजला चुकवला की पुढे सगळ्या मजल्यांवर चुकीचा पेपर जातो. इतर एजंटांना मी ही सोय मागून पाहिली. "एकच पेपर कायम सांगा, नाहीतर परवडत नाही," असं उत्तर मिळालं. त्यांचंही खोटं नाही.

पण ही सोय फार मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगायला मला थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल.

मी उमेदीची वर्षं मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. उपसंपादक म्हणून, बरीचशी रात्रपाळीत. बाहेरच्यांना वाटतं पेपर बातमीदार काढतात. बातमीदार बातमी आणतात हे खरं, पण पेपरात काय जाणार हे ठरतं डेस्कवर. संध्याकाळी पानाची डमी यायची ती जाहिरात विभागाकडून, जाहिराती आधीच आखलेल्या. उरलेली पांढरी जागा आमची. आठ कॉलमचं पान म्हणून काम सुरू करायचं आणि हातात यायची जेमतेम साडेतीन कॉलमची जागा, अशा रात्री नेहमीच्याच. एजन्सीची कॉपी, म्हणजे वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर, इंग्रजीत यायची, पीटीआयची आणि यूएनआयची. ती मराठीत आणायची म्हणजे नुसतं भाषांतर करून भागायचं नाही. सहाशे शब्दांची कॉपी दीडशे शब्दांत बसवायची असायची. कोणत्या साडेचारशे शब्दांना रजा द्यायची हे मीच ठरवायचे, एकटी, घड्याळाकडे बघत. परराज्यातल्या एखाद्या दुर्घटनेच्या बातमीत मृतांचा आकडा राहायचा, मंत्र्यांचं दुःख राहायचं, आणि ठेकेदाराबद्दलचा शेवटचा परिच्छेद जायचा. जायचा, कारण तो शेवटी होता. कापाकापी नेहमी खालून होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या ठेकेदाराबद्दल कधी कळलंच नाही, आणि कळलं नाही हेही त्याला कळलं नाही. यात कोणाचा कट नव्हता. रात्रीचे पावणेबारा झालेले असायचे, एवढंच.

या कामाचा नीट अभ्यास झाला आहे हे मला फार उशिरा समजलं. कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, लोक घरी काय खातात आणि ते कसं बदलता येईल, यावर संशोधन केलं होतं. त्याच्या लक्षात आलं की ताटात काय येणार हे ताटाशी ठरतच नाही. ते दुकानात, परसात, किमतीत, खरेदी करणाऱ्या बाईच्या निर्णयात, असं वाटेवरच्या एकेका दाराशी ठरत येतं. बातमीचा प्रवासही असाच होतो, हे त्याने १९४७ च्या लेखात नोंदवलं. गेटकीपिंग, म्हणजे दारावरची राखण, हा शब्द तिथून रुळला. मग डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या शहराच्या पेपरातल्या वायर एडिटरला, म्हणजे वृत्तसंस्थांच्या कॉपीतून बातम्या निवडणाऱ्या माणसाला, गाठलं. त्या माणसाने फेब्रुवारी १९४९ मधला एक आठवडा प्रत्येक नाकारलेली कॉपी जपून ठेवली आणि तिच्यावर नाकारण्याचं कारण लिहिलं. व्हाइटनी अभ्यासात त्याला 'मिस्टर गेट्स' हे टोपणनाव दिलं. १९५० मध्ये तो लेख छापून आला. आलेल्या मजकुरापैकी साधारण नऊ दशांश मजकूर त्याने नाकारला होता. कारणं काय? जागा नाही. कंटाळवाणं. प्रचारकी वाटतं. याआधीच एक घेतली आहे. काही कारणं तर सरळसरळ आवडीनिवडीची.

मी ती यादी वाचली आणि मला आमच्या रात्रपाळीचं टेबल डोळ्यांसमोर आलं. आमच्याकडे कोणी कारणं लिहून ठेवली नाहीत, पण असती तर हीच असती. पुढे १९५६ मध्ये वॉल्टर गीबर यांनी सोळा वायर एडिटरांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की या माणसांच्या मतांपेक्षा वेळ, जागा आणि पान लावण्याची घाई यांचाच जोर जास्त चालतो. दोन्ही अभ्यास मला खरे वाटतात. मनात पूर्वग्रह असतातच, पण रोजच्या रोज बातमी मारते ती घाई.

एक वेगळा प्रकारही असतो आणि तो मी जवळून पाहिला आहे. एका संध्याकाळी घोडबंदर पट्ट्यातल्या एका गृहप्रकल्पाच्या फसलेल्या ताब्याची बातमी पानात लागली होती. फ्लॅटधारकांची नावं, फोटो, बिल्डरची बाजू, सगळं नीट होतं. रात्री आठच्या सुमारास वरून निरोप आला की थांबवा, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी त्याच बिल्डरची पानभर जाहिरात आली. उद्या काही आला नाही. ज्या बातमीदाराने ती बातमी महिनाभर खपून आणली होती, तो त्यानंतर बरेच दिवस डेस्ककडे फिरकला नाही, आणि त्याचा राग योग्य होता.

२००९ च्या निवडणुकांत हा रोग, पैशावर बातमी ठरण्याचा, किती पसरला आहे ते सगळ्या देशाला दिसलं. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या, एकमेकांच्या स्पर्धक वर्तमानपत्रांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल कौन्सिलने आधी पूर्ण प्रसिद्धच केला नाही, तो २०११ मध्ये माहिती अधिकारामुळे बाहेर आला. आता हे उघड झालं कसं, याचा विचार करा. ते पेपर कोणीतरी शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणून. एकच पेपर घेणाऱ्या घरात तो मजकूर बातमी म्हणूनच वाचला गेला असणार.

म्हणून फिरता पेपर.

एक उदाहरण देते. मध्यंतरी एमआयडीसीच्या जलवाहिनीच्या कामासाठी शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी बंद राहणार होतं. आदल्या दिवशी सकाळी मी स्टॉलवर उभी राहून पाच पेपर चाळले, दादा कधी नाही म्हणत नाहीत. माझ्या नेहमीच्या मोठ्या मराठी दैनिकात आतल्या पानावर सिंगल कॉलम, चार ओळी: 'ठाण्याच्या काही भागांत उद्या पाणी नाही.' कुठले भाग, ते नाही. दुसऱ्या मराठी दैनिकाच्या ठाणे पुरवणीत बातमी जरा मोठी, पण निम्मी जागा अधिकाऱ्यांच्या आवाहनाने खाल्लेली. इंग्रजी पेपरात ठाण्याचं नावच नव्हतं, त्याच्या शहर पानावर वांद्र्याच्या पार्किंगचा वाद रंगला होता. गुजराती पेपरात काही नाही. ठाण्यातच निघणाऱ्या दैनिकाने मात्र पहिल्या पानावर चौकट दिली होती: दिवा, मुंब्रा, कळवा, त्यातले कुठले कुठले भाग, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पुढचा दिवसभर कमी दाबाने पाणी येईल हेही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी कळव्याला राहतात. मी पेपरचा फोटो काढून त्यांच्या मुलीला पाठवला. त्यांनी रात्रीच पिंप भरून ठेवलं.

आता, माझ्या नेहमीच्या दैनिकातल्या उपसंपादकाला मी दोष देणार नाही. तो मुंबईत बसला आहे, त्याचा वाचक कुलाब्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत पसरला आहे, त्याच्या हिशेबी दिव्याचं पाणी चार ओळींचंच. ठाण्याचा उपसंपादक ठाण्यात राहतो, त्याच्याही घरी पाणी येणार नसतं. त्याच पेपरला तुम्ही राज्याच्या अर्थसंकल्पाबद्दल विचारा, तिथे मात्र तो दोन परिच्छेदांत आटोपेल आणि मोठं दैनिक तीन पानं देईल. हे दोन्ही घरात यावेत, एवढंच माझं म्हणणं.

ठाण्याला हे नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात 'अरुणोदय' हे वृत्तपत्र इथून निघत होतं. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय इथे सुरू केलं. मुंबईच्या इतकं जवळ असूनही स्वतःचं छापील असावं ही या गावाची जुनी हौस आहे. पण गावातल्या छोट्या दैनिकाला आज दुकानात जागा मिळणं अवघड. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी स्टॉलवाल्यांकडे येतात, छत्री देतात, टी-शर्ट देतात, आमचा पेपर वर लावा म्हणतात. न खपलेल्या अंकांचं काय, कमिशन किती, हे सगळं ज्याचा खप मोठा त्याच्या मनासारखं होतं. म्हणजे बातमी उपसंपादकाच्या हातून सुटली तरी स्टॉलवर पुन्हा एक दार आहेच.

आमच्या दादांची पेपर टांगायची रीत मी बराच काळ बघत होते. मला ती उलटी वाटायची. सगळ्यात जास्त खपणारे दोन पेपर खाली फळीवर, गठ्ठ्याने पडलेले. वर, डोळ्यांच्या उंचीला, चिमट्याला लावलेले ते ठाण्याचे दोन छोटे पेपर, एक हिंदी, 'मुंबई समाचार' आणि एखादं साप्ताहिक. मी एकदा विचारलं.

"ताई, जो पेपर लोक मागूनच घेतात तो दाखवायचा कशाला? त्याला गिऱ्हाईक हात घालतंच. जो कोणी मागत नाही तो वर लावायचा. दिसला तर चार जण घेतील. नाही दिसला तर तो बंद पडणार."

"कंपनीवाले काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. मागच्या दिवाळीला एकाने छत्री दिली होती, ती परत नेली. ने म्हटलं. ताडपत्री आहे माझ्याकडे."

मी डेस्कवर असताना मोठमोठ्या संपादकांच्या तोंडून बातमीच्या निवडीबद्दल पुष्कळ ऐकलं आहे. इतका स्पष्ट आणि इतका न्याय्य विचार फार थोड्यांकडे होता. दादांचं शिक्षण बारावीपर्यंतचं. जाळीवरची ती जागा त्यांची आहे, तिथे काय दिसावं हे त्यांनी विचार करून ठरवलं आहे आणि विचारलं तर ते कारण सांगतात. दारावरच्या माणसाकडून मला एवढंच हवं असतं.

'मुंबई समाचार'चा उल्लेख आला म्हणून सांगते. १८२२ पासून निघणारा हा पेपर, आशियातल्या आजही चालू असलेल्या वर्तमानपत्रांत सगळ्यात जुना. चरईतले एक गुजराती आजोबा रोज त्यासाठी काठी टेकत येतात. मला गुजराती सावकाश वाचता येतं. बाजार, निर्यात, व्यापाऱ्यांच्या संघटना यांबद्दल त्यात असा मजकूर असतो जो आमच्या मराठी पेपरांच्या डेस्कवर मीही नाकारला असता, आमच्या वाचकाचा नाही म्हणून. आमचा वाचक कोण हे आम्हीच ठरवून टाकलं होतं आणि मग त्याला आयुष्यभर तेवढंच दिलं. मराठी तरुणाला धंद्याची माहिती नाही म्हणून आपण हळहळतो. ती त्याच्या घरात कुठून येणार होती?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फोनवर सगळं मिळतं. मी फोनवरही वाचते, पण दोन गोष्टी तुम्ही स्वतः करून बघा. तुमच्या घरच्या पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांतली ओळ शोधा. मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता, संपादकाचं नाव, आणि बहुतेक ठिकाणी बातम्यांच्या निवडीसाठी पीआरबी कायद्यानुसार जबाबदार अशा अर्थाचे शब्द. पीआरबी म्हणजे १८६७ चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट. छापल्या जाणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण आहे तो संपादक, अशी व्याख्याच त्या कायद्यात होती. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला आहे. इंग्रजांनी तो जुना कायदा काही आपल्या भल्यासाठी केला नव्हता, त्यांना पकडायला माणूस हवा होता. पण त्यामुळे एक झालं. तुमच्यापर्यंत काय पोचू द्यायचं हे ठरवणाऱ्या माणसाचं नाव रोज छापून तुमच्या घरी येतं. त्याला पत्र लिहिता येतं, कोर्टात खेचता येतं, प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते.

आता फोनवर बातम्या दाखवणारं ॲप उघडा आणि तीच ओळ शोधा. आज सकाळी तुम्हाला पहिली बातमी ही का दाखवली, कोणी निवडली, कोणती दाखवली नाही? नाव नाही, पत्ता नाही. मी आणि माझी बहीण, ती वाशीला असते, एकाच वेळी एकच ॲप उघडून फोनवर बोलत होतो. तिच्याकडे सोन्याचे भाव आणि एका मालिकेतल्या नटीचं लग्न, माझ्याकडे गुडघेदुखी आणि पेन्शन. नवी मुंबईतल्या पाणथळ जागांची बातमी त्या दिवशी फिरत्या पेपरात अर्धं पान होती. तिच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावरचा विषय, आणि तो दोघींच्याही फोनमध्ये नव्हता. तिने कधी त्यावर बोट ठेवलं नसेल, म्हणून तो तिला दाखवला जाणार नाही, आणि दाखवला जात नाही म्हणून ती त्यावर कधी बोट ठेवणार नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये नॉर्वेत याची जगजाहीर भांडणं झाली. व्हिएतनाम युद्धातला, नापामने भाजलेल्या मुलीचा १९७२ मधला, निक उट यांच्या नावावर असलेला फोटो फेसबुकने काढून टाकला, नियमात बसत नाही म्हणून. नॉर्वेच्या पंतप्रधानांनी टाकला, तोही काढला. 'आफ्तनपोस्तन' या दैनिकाच्या संपादकाने पहिल्या पानावर मार्क झुकरबर्गना उघड पत्र लिहिलं आणि त्यांना जगातला सगळ्यात ताकदवान संपादक म्हटलं. मग फोटो परत आला. एका देशाच्या पंतप्रधानाला आणि मोठ्या दैनिकाच्या संपादकाला एवढा आवाज करावा लागला. पाचपाखाडीतल्या माणसाची पोस्ट गेली तर तो कोणाला पत्र लिहिणार?

दार अजिबातच नको, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी राईनपाड्याची आठवण करून देते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते, आणि भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्या मेसेजला वाटेत एकही उपसंपादक भेटला नव्हता. कोणी विचारलं नव्हतं की कुठलं पोलीस ठाणं, कुठल्या मुलाची तक्रार, कोण म्हणालं. डेस्कवरचा सगळ्यात नवखा पोरगाही हे तीन प्रश्न विचारतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पाच माणसं गेल्यावर.

आणि दार एकाच्याच हातात गेलं तर काय होतं तेही या देशाने बघितलं आहे. आणीबाणीत सेन्सॉर तर होताच, पण १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चारही वृत्तसंस्था मोडून एकच 'समाचार' केली. चार ठिकाणांहून येणारी कॉपी एका ठिकाणाहून यायला लागली. १९७८ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. माझ्या आधीच्या पिढीतले सहकारी सांगायचे की तेव्हा पेपर भरलेला असायचा, फक्त सगळे पेपर सारखे असायचे. रेडिओचं आजही बघा. इतकी खासगी एफएम स्टेशनं आहेत, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. रिक्षात दिवसभर रेडिओ ऐकणाऱ्या माणसासाठी हे दार कायमचं अर्धं बंद आहे, आणि यावर कोणी फार बोलतही नाही.

आमच्या दादांचा धंदा खरा बसला तो २०२० मध्ये. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पेपर छापायला परवानगी दिली पण घरोघरी वाटायला बंदी घातली. नंतर ती बंदी मुंबई आणि पुणे महानगर प्रदेशांपुरती ठेवली, त्यात ठाणं आलंच. जूनमध्ये लाइन पुन्हा सुरू झाली तोपर्यंत अर्धी घरं फोनवर गेली होती, आणि त्यातली पुष्कळ परत आली नाहीत. फिरत्या पेपरची कल्पना दादांनी त्यानंतर काढली, तुटलेली लाइन पुन्हा बांधण्यासाठी. सुरुवातीला आमच्या बिल्डिंगमधून मी एकटी होते.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. पेपरात घातलेली पत्रकं फार. क्लासेस, गाद्या, दातांचे दवाखाने, पेपर उचलला की निम्मी जिन्यात पडतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी सांगितली तरच मिळते आणि तीही दोन-तीन दिवसांनी विसरली जाते. ठाण्याच्या दैनिकाचे अंक कमी येतात, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ते कधी कधी मिळतच नाहीत. फोन लागत नाही, प्रत्यक्ष जाऊन सांगावं लागतं. बिलात मात्र एका रुपयाची चूक मी कधी पाहिली नाही, आणि बाहेरगावी गेलं की तेवढे दिवस न सांगता वजा झालेले असतात. सेवा म्हणून मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा पिशवीचा कापला.

उर्दू पेपर फिरत्या यादीत नाही. राबोडी आणि मुंब्र्यात तो खूप वाचला जातो, आणि त्या भागांबद्दल आपण मराठी पेपरांत वाचतो ते बहुतेक गुन्हे शाखेच्या हवाल्याने. मला उर्दू लिपी येत नाही, पण आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांना येते, आणि आठवड्यातून एकदा त्यांनी मथळे वाचून दाखवायचं कबूल केलं आहे. दादांना सांगितलं तर म्हणाले, दहा घरं मिळाली तर यादीत टाकतो, नाहीतर उरलेले अंक माझ्या अंगावर पडतात. सध्या सात नावं आहेत. नौपाडा, चरई, पाचपाखाडीत कोणाला हवा असेल तर सकाळी साडेसात ते नऊ या वेळात स्टॉलवर जाऊन वहीत नाव लिहा. त्याआधी गेलात तर ते लाइनच्या गडबडीत असतात.